पृथ्वी मोजणारे गणित: झिरो माइल, गाउस आणि रीमान

नागपूरच्या विधानभवनाजवळचा झिरो माइलचा वालुकाश्माचा स्तंभ आणि तेथील चार घोडे आपण सर्वांनी जाता-येता पाहिलेले असतात. भारताचा मध्यबिंदू म्हणून त्या जागेची ख्याती आहे, आणि जबलपूर, शिवनी, छिंदवाडा, बैतूल, हैदराबाद अशा गावांची मैलांतील अंतरे तेथे कोरलेली आहेत. गणिताच्या अभ्यासकाला मात्र त्या परिसरातील दुसरी एक गोष्ट अधिक मोलाची वाटेल. १९०७ साली सर्वेक्षण खात्याने तेथे उंचीचे एक प्रमाणित चिन्ह कायम केले आणि त्याची समुद्रसपाटीपासूनची उंची १०२०.१७१ फूट अशी नोंदवली. फुटाचा हजारावा भाग म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम तिसरा हिस्सा. ज्या गावापासून सर्वांत जवळचा समुद्रही पाचशे किलोमीटरहून दूर आहे, त्या गावातल्या एका दगडाची उंची इतक्या बारकाईने लिहिण्याचे धाडस कोणाच्या भरवशावर झाले, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. त्याचे उत्तर शोधू गेल्यास आपण थेट कार्ल फ्रीडरिश गाउस आणि बर्नहार्ड रीमान या दोन जर्मन गणितज्ञांपर्यंत पोहोचतो.

थोर गणितज्ञांची चरित्रे आपल्याकडे बहुधा बालपणीच्या चमत्कारांच्या रूपाने सांगितली जातात. शाळकरी गाउसने १ ते १०० या संख्यांची बेरीज क्षणात केल्याची कथा प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असते. अशा कथांनी मुलांना उत्साह येतो हे खरे, पण त्या माणसाने जगाला काय दिले हे त्यांतून कळत नाही. गणितज्ञाचा टिकाऊ प्रभाव बहुधा त्याने घडवलेल्या रीतीतून पसरतो: एका विशिष्ट अडचणीसाठी शोधलेली रीत ती अडचण मागे पडल्यावरही कामास येत राहते, आणि पुढे इतकी अंगवळणी पडते की ती वापरणाऱ्याला कर्त्याचे नावही ठाऊक नसते. पृथ्वीच्या मोजणीच्या इतिहासात हे फार स्पष्ट दिसते, म्हणून येथे तेवढाच एक धागा धरला आहे.

भारतातील मोठ्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा आरंभ विल्यम लॅम्बटन याने १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ केला. सेंट थॉमस माउंटपाशी त्याने सुमारे साडेसात मैलांची एक आधाररेषा साखळीने अत्यंत काळजीपूर्वक मोजली. त्यानंतर मात्र जमिनीवर साखळी अंथरत पुढे जाण्याची आवश्यकता नव्हती. त्रिकोणाची एक बाजू आणि त्याचे कोन माहीत असले, तर उरलेल्या दोन बाजू ज्या-कोष्टकाच्या, म्हणजे साइनच्या तक्त्याच्या, साहाय्याने काढता येतात. आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये आपल्या ग्रंथात साइनच्या किमतींमधील क्रमाक्रमाने येणाऱ्या फरकांचे जे कोष्टक दिले, त्याच जातीचे हे साधन आहे. आधाररेषेच्या दोन्ही टोकांवरून दूरच्या एका टेकडीकडे थिओडोलाइट हे कोन मोजण्याचे यंत्र रोखून कोन घेतले की पहिला त्रिकोण पुरा होतो. त्याची काढलेली बाजू दुसऱ्या त्रिकोणाची आधाररेषा होते, आणि अशी त्रिकोणांची माळ डोंगरा-डोंगरांवरून शेकडो मैल पुढे सरकते. लॅम्बटनचा मोठा थिओडोलाइट सुमारे अर्ध्या टनाचा होता आणि तो टेकड्यांवर, देवळांच्या गोपुरांवर चढवावा लागे. दक्षिणेकडून ही माळ विदर्भापर्यंत आणल्यावर, नागपूरकडे येत असताना, २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट येथे लॅम्बटन वारला आणि त्याला तेथेच पुरण्यात आले. पुढचे काम जॉर्ज एव्हरेस्टने हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेले. आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात ही कबर आहे, हे नागपुरातही फार थोड्यांना ठाऊक असते आणि त्याची मला खंत वाटते.

या पद्धतीतला धोका उघड आहे. पहिल्या त्रिकोणातली चूक दुसऱ्यात जाते, दुसऱ्यातली तिसऱ्यात, आणि शंभराव्या त्रिकोणापर्यंत ती किती वाढेल याचा नेम नसतो. साधन कितीही चांगले असले तरी हवेतील उष्म्याने दृश्य थरथरते, डोळा थकतो, मापनपट्टीच्या खुणाही सर्वस्वी समान नसतात. म्हणून सर्वेक्षक आवश्यकतेपेक्षा जास्त मापे घेतो. दोन कोन मोजल्यावर तिसरा वजाबाकीने मिळत असला तरी तो तिसराही मोजतो. मग एक नवीच अडचण उभी राहते: मापे एकमेकांशी जुळत नाहीत.

समजा, कस्तुरचंद पार्कच्या मैदानावर तीन खुंट्या ठोकून त्या त्रिकोणाचे तिन्ही कोन आपण सारख्याच काळजीने मोजले आणि त्यांची बेरीज १८० अंशांपेक्षा ६ सेकंदांनी जास्त भरली. (अंशाचे ६० मिनिटे आणि मिनिटाचे ६० सेकंद असे कोनाचे भाग पडतात, तेव्हा सेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग.) हे जास्तीचे ६ सेकंद कोणत्या कोनातून वजा करायचे? सगळे एकाच कोनातून काढता येतील, दोन कोनांतून तीन-तीन काढता येतील, किंवा १, २ आणि ३ असेही वाटता येतील. नियम नसेल तर प्रत्येक मोजणीदार आपापल्या मर्जीने वाटणी करील. लघुतम वर्ग पद्धतीचा नियम असा आहे की प्रत्येक दुरुस्तीचा वर्ग करावा आणि त्या वर्गांची बेरीज सर्वांत लहान येईल ती वाटणी स्वीकारावी. पहिल्या वाटणीत ही बेरीज ३६ येते, दुसरीत १८, तिसरीत १४. आणि प्रत्येक कोनातून दोन-दोन सेकंद काढले तर १२. याहून लहान बेरीज येत नाही, म्हणून उत्तर दोन-दोन सेकंद. हे इतके साधे उदाहरण कोणी पद्धतीशिवायही सोडवील. परंतु शेकडो त्रिकोण एकमेकांत गुंतलेले असतात, एका कोनाची दुरुस्ती पाच ठिकाणी परिणाम करते, तेव्हाही हाच नियम एकच निश्चित उत्तर देतो, आणि ते काढण्यासाठी सरळ रूपाची समीकरणे पुरतात. एकाच लांबीची अनेक मापे घेतली असतील तर या नियमातून त्यांची नेहमीची सरासरीच बाहेर येते, यावरून तो आपल्या जुन्या व्यवहाराचाच विस्तार आहे हे लक्षात येईल.

ही पद्धत प्रथम छापली ती फ्रेंच गणितज्ञ आद्रियां-मारी लजांद्र याने, १८०५ साली, धूमकेतूंच्या कक्षांवरील ग्रंथाच्या पुरवणीत. गाउसने १८०९ मध्ये आपल्या खगोलशास्त्रीय ग्रंथात ती मांडताना आपण ती १७९५ पासून वापरत आहोत असे लिहिले, आणि लजांद्र दुखावला. गाउसचे म्हणणे खोटे होते असे मानायला कारण नाही, कारण पूर्ण परिपक्व झाल्याखेरीज काही छापायचे नाही हा त्याचा स्वभावच होता. पण ज्याने ती सर्वांसाठी खुली केली त्या लजांद्रचा मान अशा वाक्याने कमी व्हायला नको होता असे मला वाटते. गाउसने त्यात जी भर घातली ती मात्र मोठी होती. त्रुटी कशा विखुरतात याच्या गणिताशी त्याने या पद्धतीचा संबंध जोडला: लहान त्रुटी वारंवार होतात, मोठ्या क्वचित, आणि त्यांचा आलेख घंटेच्या आकाराचा येतो. त्यामुळे उत्तराबरोबर त्या उत्तरावर किती विश्वास ठेवावा हेही सांगता येऊ लागले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतातल्या त्रिकोणांच्या सगळ्या माळा याच पद्धतीने एकमेकींशी जुळवून घेण्यात आल्या.

त्या आधीच्या पिढीतले एक नाव येथे घेतलेच पाहिजे. कलकत्त्याच्या हिंदू कॉलेजात शिकलेले राधानाथ सिकदर १८३१ साली सर्वेक्षणात गणक म्हणून दाखल झाले. हिमालयातील पंधराव्या क्रमांकाच्या शिखराकडे बिहारच्या मैदानातील सहा ठिकाणांहून, दीडशे किलोमीटरहून अधिक अंतरावरून कोन घेतले गेले होते. प्रकाशकिरण हवेतून येताना वाकतो, त्याचा हिशेब करून १८५२ च्या सुमारास सिकदरांनी जी आकडेमोड केली तिच्यातून शिखराची उंची २९,००२ फूट ठरली. आजची मान्य उंची ८,८४८.८६ मीटर, म्हणजे सुमारे २९,०३२ फूट आहे. शिखरावर पाऊल न ठेवता केलेल्या मापात तीसच फुटांचा फरक राहिला. शिखराला नाव मात्र एव्हरेस्टचे मिळाले.

आता गाउसकडे वळू. त्याचा जन्म ३० एप्रिल १७७७ रोजी जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथे एका श्रमिकाच्या घरी झाला. आई डोरोथेआ जेमतेम वाचू शकत असे आणि मुलाची जन्मतारीख तिने लिहून ठेवली नव्हती. ईस्टरनंतरच्या एका सणाआधी आठ दिवस, बुधवारी तो जन्मला, एवढेच तिच्या स्मरणात होते. ईस्टर दर वर्षी वेगळ्या तारखेला येतो. पुढे गाउसने कोणत्याही वर्षाच्या ईस्टरची तारीख काढण्याची रीत तयार केली, आणि तिच्या साहाय्याने आपली जन्मतारीखही पडताळली. ब्राउनश्वाइगच्या ड्यूकने शिक्षणाचा खर्च उचलला नसता तर या मुलाचे काय झाले असते, हे सांगता येत नाही. १ जानेवारी १८०१ रोजी पालेर्मोच्या वेधशाळेत पियाझ्झीला सेरेस हा लघुग्रह दिसला, सुमारे चाळीस दिवसांनी त्याचे वेध थांबले, आणि मग तो सूर्याच्या तेजात हरवला. त्या थोड्याशा वेधांवरून २४ वर्षांच्या गाउसने त्याची कक्षा काढली आणि वर्ष संपता संपता सेरेस त्याने सांगितलेल्या भागातच पुन्हा सापडला. युरोपात त्याची कीर्ती झाली ती या गणितामुळे.

याच काळात पॅरिसहून ‘मस्य ल ब्लां’ या नावाने कोणी तरी गाउसला पूर्णांकांच्या गुणधर्मांचा अभ्यास करणाऱ्या अंकशास्त्रावर अभ्यासपूर्ण पत्रे लिहीत होते. त्या होत्या सोफी जर्मेन. पॅरिसच्या एकोल पॉलिटेक्निकमध्ये स्त्रियांना प्रवेश नसल्याने त्यांनी तेथल्या व्याख्यानांच्या टिपणांवरून अभ्यास केला होता आणि पुरुषाचे नाव धारण केले होते. फ्रेंच सैन्याने ब्राउनश्वाइग व्यापले तेव्हा गाउसच्या जिवाची त्यांना काळजी वाटली, आणि त्यांनी ओळखीच्या सेनापतीकरवी त्याच्या सुरक्षिततेची व्यवस्था केली. त्यातून खरे नाव उघड झाले. समाजाने उभ्या केलेल्या अडथळ्यांतून वाट काढून स्त्री या विषयात इतकी खोल जाते, तेव्हा तिचे धैर्य आणि बुद्धी असामान्य असली पाहिजे, अशा अर्थाचे उत्तर गाउसने त्यांना पाठवले. पुढे कंप पावणाऱ्या पत्र्यांच्या सिद्धांतासाठी त्यांना १८१६ मध्ये पॅरिस अकादमीचे पारितोषिक मिळाले, आणि पृष्ठभागाच्या वाकण्याचे त्यांनी वापरलेले एक माप आजही भूमितीत शिकवले जाते.

चाळिशी उलटल्यावर गाउसने हॅनोव्हर राज्याच्या मोजणीचे काम स्वीकारले. उन्हाळ्यात गाडीने आणि घोड्यावरून हिंडायचे, टेकड्यांवर उन्हात उभे राहून कोन घ्यायचे आणि रात्री आकडेमोड करायची, असे त्याचे दिवस गेले. एवढ्या बुद्धीचा माणूस मोजणीत वेळ दवडतो याचे बेसेलसारख्या मित्रांना वाईट वाटे. दूरच्या टेकडीवरची खूण दिसावी म्हणून त्याने आरशाने सूर्यप्रकाश फेकणारे हेलिओट्रोप हे साधन तयार केले. एव्हरेस्टने पुढे भारतातही हेलिओट्रोपचा उपयोग केला. पण या मोजणीतून निघालेली सर्वांत मोठी गोष्ट वेगळीच होती.

ब्रोकेन, होहेनहागेन आणि इन्सेल्सबेर्ग या तीन डोंगरमाथ्यांचा त्रिकोण गाउसने मोजला. त्याच्या बाजू सुमारे ६९, ८५ आणि १०७ किलोमीटर आहेत. सपाट कागदावर त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंश असते. परंतु पृथ्वी गोल असल्याने एवढ्या मोठ्या त्रिकोणात ती सुमारे १५ सेकंदांनी जास्त असावी लागते. हे आधिक्य क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाढते, आणि पृथ्वीवर सुमारे २०० चौरस किलोमीटरांना एक सेकंद असा त्याचा हिशेब आहे. म्हणजे आपल्या नागपूर शहराएवढ्या त्रिकोणात साधारण एका सेकंदाचे आधिक्य येईल, आणि कस्तुरचंद पार्कच्या त्रिकोणात ते शून्यच मानले तरी चालेल. लजांद्रने १७८७ मध्येच यावर एक सुरेख युक्ती सांगितली होती: प्रत्येक कोनातून आधिक्याचा तिसरा हिस्सा वजा करावा आणि मग त्रिकोण सपाट असल्यासारखे गणित करावे. सर्वेक्षकांना एवढे पुरेसे होते. गाउसला ते पुरले नाही. पृष्ठभागावर राहून, तिथल्या तिथे लांबी आणि कोन मोजून, आकाशातून न पाहताही तो पृष्ठभाग किती वाकला आहे हे कळते का, असा प्रश्न त्याने स्वतःला घातला.

येथे आपल्या संत्र्याची मदत घेता येईल. संत्र्याच्या सालीचा एक मोठा तुकडा टेबलावर ठेवून दाबला तर तो फाटतो किंवा कडेला ताणला जातो. काही केल्या तो सपाट बसत नाही. कागदाची सुरळी मात्र उलगडली की सुरकुतीही न पडता सपाट होते. डोळ्यांना सुरळीही वाकलेली दिसते, मग फरक कशाचा? अठराव्या शतकातील गणितज्ञ ऑयलरने दाखवले होते की पृष्ठभागाच्या कोणत्याही बिंदूपाशी एका दिशेने वाकणे सर्वाधिक असते आणि तिच्याशी काटकोन करणाऱ्या दिशेने सर्वांत कमी. गाउसने या दोन मापांचा गुणाकार घेतला आणि त्याला वक्रता म्हटले. सुरळी एका दिशेने वाकलेली, पण लांबीच्या दिशेने सरळ असते, म्हणून गुणाकार शून्य. संत्र्यावर दोन्ही दिशांना सारखेच वाकणे असते, म्हणून गुणाकार धन. घोड्याच्या खोगिरावर एक दिशा वर वळते आणि दुसरी खाली, म्हणून तो ऋण. १८२७ मध्ये त्याने सिद्ध केले की हा गुणाकार केवळ पृष्ठभागावरच्या मोजमापांतून काढता येतो, आणि पृष्ठभाग न ताणता कसाही वाकवला तरी तो बदलत नाही. क्वचितच स्वतःच्या कामाची स्तुती करणाऱ्या गाउसने या प्रमेयाला लॅटिनमध्ये ‘असामान्य प्रमेय’ म्हटले.

त्यावरून एक निष्कर्ष लगेच निघतो: कागदाची वक्रता शून्य आणि पृथ्वीची धन, तेव्हा पृथ्वीचा सर्व अंतरे अचूक दाखवणारा सपाट नकाशा कोणालाही, कधीही काढता येणार नाही. गोलाबाबत हे ऑयलरने दृष्टी जवळजवळ गेलेली असतानाच्या काळात सिद्ध केले होतेच. गाउसने त्याचे मूळ कारण उघड केले. शाळेच्या भिंतीवरील अनेक जागतिक नकाशांत ग्रीनलंड भारताहून कितीतरी मोठे दिसते, वास्तविक भारताचे क्षेत्रफळ ग्रीनलंडच्या सुमारे दीडपट आहे. नकाशा काढणाऱ्याने आकार जपायचा की क्षेत्रफळ, एवढीच निवड त्याच्या हातात असते.

गाउसच्या अखेरच्या वर्षांत गॉटिंगेन येथे त्याच्याकडे बर्नहार्ड रीमान आला. एका धर्मोपदेशकाचा हा मुलगा प्रकृतीने नाजूक आणि कमालीचा लाजाळू होता. विद्यापीठात शिकवण्याचा अधिकार मिळवण्यासाठी व्याख्यान द्यावे लागे, आणि उमेदवाराने तीन विषय सुचवायचे असत. रीमानची तयारी पहिल्या दोन विषयांची होती; गाउसने तिसरा निवडला, भूमितीच्या पायाचा. १० जून १८५४ रोजी रीमानने ते व्याख्यान दिले. त्यात सूत्रे जवळजवळ नव्हती, आणि वृद्ध गाउस ते ऐकून विलक्षण प्रभावित झाला.

रीमानने मांडलेली कल्पना नागपूरच्याच उदाहरणाने समजते. अक्षांश आणि रेखांश दिले की गावाचे ठिकाण कळते, पण अंतर कळत नाही. नागपुरात एका अंश रेखांशाचे अंतर सुमारे १०४ किलोमीटर भरते, लेहमध्ये सुमारे ९२, आणि ध्रुवावर शून्य. म्हणजे आकड्यांवरून अंतर काढण्याचा नियम जागेनुसार बदलतो, आणि त्या बदलत्या नियमातच पृथ्वीची वक्रता दडलेली असते. रीमानने म्हटले की हा नियमच भूमितीचा मूळ आधार मानावा. मग पृष्ठभागाप्रमाणे तीन, चार किंवा कितीही मितींच्या अवकाशालाही वक्रता असू शकेल, ती जागोजागी वेगळी असू शकेल, आणि आपले खरे अवकाश कसे आहे ते केवळ तर्काने ठरणार नाही, त्यासाठी निसर्गाकडे पाहावे लागेल. १८६६ मध्ये, चाळिशीही गाठण्याआधी, रीमान क्षयाने इटलीत वारला. व्याख्यान छापले गेले ते त्याच्या मृत्यूनंतर, १८६८ साली, मित्र डेडेकिंटच्या हातून.

त्या व्याख्यानानंतर सुमारे साठ वर्षांनी गुरुत्वाकर्षणाच्या नव्या सिद्धांताशी झगडताना आइन्स्टाइनला हवे असलेले गणित सापडत नव्हते. त्याचा वर्गमित्र मार्सेल ग्रॉसमन याने रीमानच्या भूमितीकडे बोट दाखवले, आणि नोव्हेंबर १९१५ मध्ये सिद्धांत पुरा झाला. वस्तुमानामुळे अवकाश आणि काळ दोन्ही वक्र होतात, असे तो सांगतो. हे कितीही दूरचे वाटले तरी मोबाइलमधील नकाशा त्यावाचून चालत नाही. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर आहेत. तेथे गुरुत्वाकर्षण क्षीण असल्याने त्यांची घड्याळे दिवसाला सुमारे ४५ मायक्रोसेकंद (सेकंदाचा दहा लाखावा भाग म्हणजे मायक्रोसेकंद) पुढे जातात, आणि वेगामुळे सुमारे ७ मायक्रोसेकंद मागे पडतात. उरलेल्या ३८ मायक्रोसेकंदांत प्रकाश ११ किलोमीटरहून अधिक जातो, म्हणजे सीताबर्डीपासून विमानतळाच्याही पलीकडे. म्हणून घड्याळांच्या गतीत ही दुरुस्ती आधीच करून ठेवलेली असते.

एवढे होऊनही मोबाइलला मिळणारी अंतरे एकमेकांशी नेमकी जुळत नाहीत. ठिकाण आणि वेळ ठरवायला चार उपग्रह पुरतात, पण उघड्या आकाशाखाली त्याहून अधिक दिसतात, आणि प्रत्येकाच्या मापात थोडी त्रुटी असते. तेव्हा त्रुटींच्या वर्गांची बेरीज सर्वांत कमी येईल असे ठिकाण शोधणे, हीच रीत येथेही मुळाशी असते. क्षितिजालगतच्या उपग्रहाचा संदेश वातावरणातून तिरका आणि लांबचा प्रवास करून येतो, म्हणून त्याच्या मापाला कमी महत्त्व दिले जाते. कमी विश्वासाच्या मापाला कमी भार देण्याचा हा नियम गाउसने वेध आणि मोजणी यांच्या हिशेबासाठी दोनशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलेला आहे.